आखाजीला रिकामी घागर

घरून निघताना रिकामी घागर आडवी आली तर आमच्याकडे माणूस मागे फिरतो, घोटभर पाणी पितो, ओसरीवर जरा टेकतो आणि मग नव्यानं निघतो. मी हे जन्मभर पाळलं. आणि परवा कारंज्यात मी अशा जागी जाऊन उभा राहिलो, जिथं रिकामी भांडी ओळीनं मांडली होती, एकेकाच्या डोक्यावर दिवा लावला होता आणि लोक ती बघायला लांबलांबून आले होते. तेही ऐन आखाजीच्या दिवशी. मागे फिरायचं म्हटलं तर किती वेळा फिरायचं?

आधीच सांगून ठेवतो, मी चौथीपर्यंत शिकलो. तेवढ्यात मास्तरांनी 'मले' नाही 'मला', हे छडीनं शिकवलं. म्हणून लिहिताना मी 'मला' लिहितो. बोलताना मात्र कोणाच्या बापाला भीत नाही.

आखाजी म्हणजे अक्षय तृतीया. शहरात त्या दिवशी सोनं घेतात म्हणे. आमच्या मेडशीकडे त्या दिवशी मेलेल्यांना पाणी पाजतात. कुंभाराकडून नवी घागर आणायची, घरच्या विहिरीचं पाणी भरायचं, तोंडावर आंबा ठेवायचा, पुरणपोळीचा नैवेद्य दाखवायचा आणि त्यातला एक घास विस्तवात टाकायचा. सारं दुपारच्या बाराच्या आत. भर उन्हाळा असतो. जिवंत माणसाचा घसा कोरडा पडतो, तर मेलेल्याचं काय होत असेल, एवढा साधा हिशोब आहे. आणि माणूस गेल्यानंतरची पहिली आखाजी चुकवायची नसते. चुकली तर तो जीव वर्षभर तहानेला फिरतो. खरं-खोटं मला ठाऊक नाही. तिकडून विचारून आलेला कोणी अजून भेटला नाही.

माझ्या बुढीची ही पहिली आखाजी होती.

बुढी म्हणजे माझी बायको. पोळा झाला आणि ती गेली. आयुष्यभर तिनं माझं बरंच ऐकून घेतलं, पण मडक्याच्या बाबतीत कोणाचंच ऐकलं नाही. उन्हाळा तोंडावर आला की बाजारात कुंभाराच्या ढिगापुढं बसकण मारायची. एकेक मडकं उचलायची, बोटाच्या पेरानं टिचकी मारायची, कान लावायची, खाली ठेवायची. कुंभार वैतागून म्हणायचा, "काकू, मडकं घेऊन राह्यल्या का सून पाहून राह्यल्या?"

"सून पायली असती तं एवढा येळ लागला नसता," बुढी म्हणायची. "सून सोताच बोलते. मडक्याले बोलतं करा लागते."

आता अशा बाईला मी स्टीलच्या कळशीत पाणी देऊ?

पण माझा पोरगा म्हणाला तेच. तो कुंभार आता त्याच्या पोराकडे पुण्याला राहतो. कुंभाराचा पोरगा कंपनीत आहे, त्यानं बापाचं चाक थांबवलं आणि बापाला टीव्हीपुढं बसवलं. बाजारात मडकी येतात, पण ती कुठल्या कुठून ट्रकनं येतात. अंगावर फुलं काढलेली आणि पोटाला प्लास्टिकची तोटी. म्हणजे आमच्या पितरांनी आता नळाखाली ओंजळ धरायची! मी पूर्ण बाजार फिरलो आणि रिकाम्या हातानं परत आलो. माझा पोरगा म्हणाला, "बाबा, कळशी भरा नं. भावना महत्त्वाची."

भावना महत्त्वाची, असं जो म्हणतो त्याला सामान आणायचा कंटाळा असतो, हे मी बघून ठेवलं आहे. मी म्हटलं, "मंग भरतच नाई." आणि आखाजीच्या सकाळी ओसरीवर तोंड फिरवून बसलो. पोराला माहीत आहे, मी एकदा बसलो की बैलजोडी लावूनही उठत नाही.

सून आत पुरण वाटत होती. तिनं वाटता वाटताच, माझ्याकडे न बघता, म्हटलं, "मामाजी, आत्याबाईच्या नावाची घागर तं कारंज्याले ठेवून हाये."

आत्याबाई म्हणजे तिची सासू, माझी बुढी. कोणी ठेवली, हे तिनं सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. आमच्या घरात एकाच माणसाचं नाव माझ्यापुढं कोणी घेत नव्हतं. माझ्या नातीचं.

नात, म्हणजे या सुनेचीच मुलगी. बारावी झाल्यावर सारे म्हणाले, नर्सिंगला टाका. ती म्हणाली, मातीकाम शिकीन. नागपूरला त्याचं कॉलेज आहे म्हणे. तिथं मडकी शिकवतात, मडक्यांची परीक्षा घेतात आणि मडक्यांत नापासही करतात. मी म्हटलं, "कास्तकाराच्या पोरीनं चाक फिरवाचं? लोकं काय म्हनतीन?"

ती म्हणाली, "आबा, माती तं तुमीबी जनमभर चिवडली. मी फक्त तिले उभी करतो."

उत्तर बरोबर होतं. म्हणूनच राग आला. चुकीच्या उत्तराचा माणसाला एवढा राग येत नाही. त्या दिवसापासून मी तिच्याशी बोलणं सोडलं. सोडलं म्हणजे काय, आमचं बोलणं बुढीमार्फत चालायचं. एकाच ओसरीवर तिघं बसून. "तिले इचार, जेवली का." "त्याईले सांग, जेवली." बुढी मधे बसून सुपात तूर निवडायची आणि दोघांनाही काही सांगायची नाही, कारण दोघांनाही ऐकू येतच होतं. सुटीत ती पोरगी कागदात गुंडाळून एखादं भांडं आणायची. बुढी टिचकी मारायची, कान लावायची आणि म्हणायची, "वाजत नाई व माय. अजून भाज." पोरगी खदाखदा हसायची. मी वावरात जायच्या नावाखाली दुपट्टा शोधत तिथंच घुटमळायचो. बुढी गेली आणि आमची लाईनच कटली. दिवाळीला ती आली तेव्हा दोघंही भिंतीकडे बघून जेवलो.

कारंज्याच्या मडक्यांच्या प्रदर्शनाचं कार्डही तिनं पाठवलं होतं. चकचकीत. जोडाक्षरं इतकी की वाचता वाचता जीभ चावली गेली. उद्घाटन नेमकं आखाजीला ठेवलेलं, साडेतीन मुहूर्तातला एक म्हणून. आजीची पहिली आखाजी आणि ही पोरगी घरी नाही, मुहूर्त साधून राहिली, असं मला वाटलं होतं. तिनं तिकडं आजीच्या नावाची घागर घडवली आहे, हे त्या कार्डावर कुठं होतं?

मी उठलो. विहिरीवर गेलो. घागर घरी येऊन बाराच्या आत भरणं होत नव्हतं, तर पाणीच घागरीकडे न्यायचं. थंड्याची मोठी रिकामी बाटली होती, तिच्यात पाणी भरलं. पोरगा बघून म्हणाला, "स्टील नाई चालत अन् प्लास्टिक चालते?" मी म्हटलं, "न्याचं येगळं, पाजाचं येगळं. दवाखान्याची गाडी अन् दवाखाना तुले सारखाच वाटते का?" खरं म्हणजे हे उत्तर मलाही त्याच वेळी सुचलं होतं. सुनेनं पुरणपोळी डब्यात दिली, झाडाचा आंबा पिशवीत टाकला.

मेडशीहून मालेगाव, तिथं गाडी बदलून शेलूबाजारवरून कारंजा. कंडक्टर ओळखीचा निघाला. "आखाजीले घर सोडून कुठी चालले, बावाजी?"

"बायकोले पानी पाजाले."

त्याचं तोंड उतरलं. "दवाखान्यात हायेत का?"

"नाई," मी म्हटलं. "प्रदर्शनात."

पुढं शेलूबाजारपर्यंत तो माझ्या सीटकडे फिरकला नाही.

कारंज्याला प्रदर्शन कुठं असावं, तर जुन्या जिनिंगच्या गोदामात. याच गोदामापुढं मी कापसाची बंडी, म्हणजे बैलगाडी, घेऊन रांगेत उभा राहिलो आहे. तेव्हा आत जायचं तर कापसाची प्रत ठरवणाऱ्या ग्रेडरच्या पाया पडावं लागायचं. आता दारातच एक पोरगी हात जोडून गुलाबपाणी शिंपडत होती. भिंती पांढऱ्याफटक, आत एसी. कापसाला कधी एवढा थंडावा मिळाला नाही. तो बिचारा पेट घ्यायचा.

दारातल्या गार्डनं पिशवी बघितली. गडी इकडचाच होता, बोलण्यावरून कळलं. "बावाजी, पानी बाहेर ठेवा लागते."

"औषधाचं पानी हाये," मी म्हटलं. तसं खोटं नव्हतं.

आत शिरल्या शिरल्या काचेच्या पेटीत खापराचे तुकडे. काळे-तांबडे, बोटाएवढे. खाली लिहिलं होतं की ही खापरं फार प्राचीन आहेत. आमच्या गावच्या पांढरीत, म्हणजे जुनी वस्ती होती त्या टेकाडावर, नांगर घातला की असली खापरं निघतात. मी ती वेचून बांधावर फेकतो, बैलाच्या खुरात जाऊ नयेत म्हणून. माझ्या बांधावर टोपल्या भरतील एवढी आहेत. पण त्यांच्यावर कोणी दिवा लावला नाही, म्हणून ती अजून प्राचीन झाली नाहीत.

पुढं लोणच्याची बरणी. तपकिरी खांदे, पांढरं पोट, झाकणाला खाच. आमच्या घरी हुबेहूब आहे. सध्या तिच्यात मीठ असतं. इथं तिच्या पाटीवर लिहिलं होतं, 'लवणलेपित पाषाणमृत्तिका'. वाचून मला वाटलं, बरणीला काही आजार झाला असावा. तिच्या बाजूला कुंभाराचं एक चाक ठेवलेलं. धुऊन, तेल लावून, स्टँडवर. चाक फिरत होतं तोवर त्याच्यापुढं चिखलात कोणी उभं राहिलं नाही. थांबलं, तर त्याला गाद्यागिरद्या.

हे सारं जुन्याचं दालन. नव्याच्या दालनात तर मजाच होती. एक मोठं वाडगं, छान निळं, आणि त्याला पोटभर भोकं. बाजूला दाढीवाला एक तरुण उभा होता, त्यानंच केलेलं. मी विचारलं, "काहून फोडलं, बापा?"

तो हसला. "फुटलेलं नाही, आजोबा. हा पोकळीशी केलेला संवाद आहे."

"मंग? काय म्हनली पोकळी?"

त्यानं विषय बदलला. पोकळी बहुतेक काही म्हणाली नसावी.

मी जाता जाता एका माठाला टिचकी मारली. सवय. मडक्यापुढून टिचकी न मारता जाणं म्हणजे ओळखीच्या माणसाला रामराम न करण्यासारखं आहे. गार्ड धावत आला. "बावाजी, हात नोका लावू! पाटी पाहा नं!" पाटी होतीच. प्रत्येक भांड्यापुढं होती. 'कृपया स्पर्श करू नये.' माझं लग्न झालं तेव्हा नव्या नवरीलाही एवढं जपत नव्हते.

आणि मग शेवटच्या कोपऱ्यात ती दिसली.

काळी घागर. पांढऱ्या चौथऱ्यावर एकटी. अंग गुळगुळीत, घासलेल्या तव्यासारखं नाही, रात्रभर तेलात ठेवलेल्या दगडासारखं. गळा नीट, काठ नीट, पण पोट एका अंगानं दबलेलं. मी म्हटलं, घ्या! एवढं शिकून शेवटी बिघडवलीच. बुढीनं ढिगातून उचलून फेकली असती. मी वळणार होतो. मग पुन्हा बघितलं. तो खळगा उगाच पडलेला नव्हता. बुढी घागर डाव्या कमरेवर घ्यायची. जन्मभर. त्या खळग्यात तिची कमर बरोबर बसली असती. घागरीनं तिच्यासाठी जागा करून ठेवली होती.

खाली पाटी. 'आजी. माती आणि धूर.' आणि त्याच्या खाली, 'कृपया स्पर्श करू नये.' ज्या बाईच्या कमरेचा खळगा त्या घागरीला होता, तिच्या नवऱ्यालाच हात लावायची बंदी!

मी वाकून आत बघितलं. ठणठणीत कोरडी. बुढीच्या नावाची घागर, तिची पहिली आखाजी आणि बाराला थोडाच वेळ राहिलेला.

दुसऱ्या टोकाला भाषण चाललं होतं, सारे तिकडं तोंड करून बसले होते. मी पिशवी खाली ठेवली, बाटलीचं बूच काढलं, बुढीचं नाव मनात घेतलं आणि ओतायला लागलो. भाषणात नेमकी त्याच वेळी शांतता झाली असावी, कारण पाण्याचा डबडब आवाज साऱ्या गोदामात घुमला.

"बावाजी!" गार्ड पळत आला. "काय करून राह्यले?"

"दिसत नाई? घागर भरून राह्यलो."

"अहो, थे शोची हाये!"

"बायको माही शोची नव्हती," मी म्हटलं आणि ओतत राहिलो.

मागोमाग त्या प्रदर्शनाच्या मुख्य बाई आल्या. पुण्याकडच्या असाव्यात. गळ्यात मातीच्या मण्यांची माळ होती. पोळ्याला आमच्या बैलांच्या गळ्यात असतात, त्याहून जरा बारीक. "आजोबा! थांबा! ही कलाकृती आहे!"

"हो, ठाऊक हाये. माह्या घरचीच हाये."

"अहो, पण हिच्यात पाणी नाही घालायचं!"

"मंग काय घालतात घागरीत, बाई? भाषण?"

मागून कोणीतरी हसलं. बाईंनी मान वळवली तेव्हा गर्दीतून माझी नात आली. सुती ड्रेस, ओढणी, आणि उद्घाटनाच्या दिवशीही नखांत माती. माझ्याकडे बघितलं. बाटलीकडे बघितलं. आणि किती दिवसांनी, मधे कोणालाही न घालता, थेट माझ्याशी बोलली.

"आबा, थे पानी धरत नाई."

मला वाटलं, हेही पोकळीसारखंच काही. पण ती तसं म्हणत नव्हती. "धुरात काळी केली फक्त. पुरी भाजली नाई. ठेवाचीच होती, म्हून."

मी खाली बघितलं. घागरीच्या काळ्या अंगावर घामासारखे थेंब उभे राहिले होते. बघता बघता थेंबाची धार झाली. चौथऱ्याचा पांढरा रंग ओला होत चालला. माझे हात तिथंच थांबले. बुढीचं पहिलं पाणी, मेडशीपासून मांडीवर धरून आणलेलं, एका पांढऱ्या खोक्यावर सांडत होतं.

"मंग केली कायले?" मी ओरडलो.

"आजी पानी आनत होती, थे दाखवाले."

"दाखवाले! अन् तिले तहान लागली तं काय दाखवशीन? धूर?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला बरं वाटलं नाही, पण शब्द मागे घ्यायची मला सवय नाही, आणि या वयात नवीन सवयी लागत नाहीत. तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. बाराला अजून अवकाश होता, थोडा.

बाई म्हणाल्या, "अगं, आधी ती रिकामी कर! भिजून खचेल. हीच तर मुंबईच्या प्रदर्शनासाठी निवडली आहे, विसरलीस का?"

हे मला माहीत नव्हतं. कार्डावर तेही नव्हतं. मी बाटली खाली ठेवली. खरं सांगतो, त्या घटकेला मी घागर उपडी करू दिली असती. एक घागर मुंबईला जाईल, बुढीला आणखी एक वर्ष तहान. पोरीनं आपली ओढणी काढली. पाहुण्यांसाठी ठेवलेल्या पेल्यातलं पाणी घेऊन ती भिजवली आणि घागरीच्या पोटाला गच्च गुंडाळली. उन्हाळ्यात बुढी मडक्याला ओलं फडकं गुंडाळायची, तसंच. मग दोन्ही तळवे त्या खळग्यावर लावून ती खाली बसली.

"राहू द्या, मॅडम," ती म्हणाली. "मुंबईले दुसरी जाईन." आणि माझ्याकडे न बघता, "आबा, हळू ओता. एकाच जागी नोका ओतू."

मी हळू ओतलं. एकाच जागी ओतलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी कोणाचं पहिल्या सांगण्यात ऐकलं असेन, आणि ते बघायला बुढी नव्हती.

पाणी पोटात साठलं, बाटलीत थोडंच उरलं. मी आंबा ठेवला. नैवेद्याला पान नव्हतं. गार्ड पुढं झाला. त्यानं ती 'स्पर्श करू नये'ची पाटी उचलली, आडवी केली, बाहीनं पुसली आणि घागरीपुढं ठेवली. "हिच्यावर ठेवा, बावाजी." मी पुरणपोळी ठेवली. मग तो हळूच म्हणाला, "माह्या मायचीबी पहिलीच आखाजी हाये. ड्युटी लागली." मी बाटली त्याच्या हातात दिली. त्यानं एक ओंजळ टाकली, त्याच्या मायच्या नावानं. एवढ्या मोठ्या प्रदर्शनात त्या दिवशी कामाला आलेलं भांडं ते एकच.

आता घास टाकायला विस्तव हवा. पोरगी म्हणाली, अंगणात भट्टी पेटवली आहे, लोकांना दाखवायला. दाखवायलाच, अर्थात. आम्ही गेलो तर भट्टीपुढं तोच दाढीवाला बसलेला. मी घास पुढं केला तर म्हणाला, "आजोबा, आत ग्लेझची भांडी आहेत, धुरानं रंग बिघडेल!"

"मंग पोकळीले इचारून घे," मी म्हटलं आणि भट्टीच्या तोंडात घास टाकला. तूप होतं, चर्र झालं. त्याच्या भांड्यांचं पुढं काय झालं मला माहीत नाही. त्यानंही नंतर त्याला काहीतरी नाव दिलंच असेल.

परत आलो तेव्हा ओढणी चिंब झाली होती. पाणी बोटभर उतरलं होतं. बाटलीत उरलेलं मी ओतलं आणि आम्ही दोघं त्या चौथऱ्याशी खाली बसून राहिलो. लोक येत होते, बघत होते. कोणी फोटो काढत होते. एका बाईनं तर चपला काढल्या आणि हात जोडले. मुख्य बाई दोनदा येऊन गेल्या. तिसऱ्यांदा आल्या ते फरशी पुसायचं फडकं घेऊन, आणि स्वतःच पुसायला लागल्या. मण्यांची माळ सांभाळत फरशी पुसणं सोपं नसतं.

भिंतीवर बारा वाजले. घागर उभी होती. पाणी होतं.

त्यानंतर थोड्या वेळानं गळ्यापासून खाली एक बारीक तडा गेला. आवाज एवढासा. जे उरलं होतं ते ओढणीतून गळून जुन्या जिनिंगच्या फरशीवर पसरलं. पोरीनं माझ्याकडे बघितलं, घाबरून. आखाजीची घागर तडकली म्हणजे काय, हे आमच्याकडे कोणी सांगत नाही, पण चेहरे सांगतात.

"बारा होऊन गेले," मी म्हटलं. "पिली तिनं. पिऊन झाल्यावर भांडं ठेवाची पद्धतच नव्हती तिची. आपटाची."

ती हसली. डोळे पुसत, नाक ओढत, पण हसली. खदाखदा नाही. तेवढ्यावर मी खूश नव्हतो. मी पुढं झालो, ती ओली काळी घागर डाव्या हातानं धरली आणि बोटाच्या पेरानं टिचकी मारली. कान लावला. गार्ड बघत होता, पण धावला नाही.

भद्द.

"वाजत नाई," मी म्हटलं. "पुढच्या आखाजीले जरा जास्त भाज."

पोरीनं वर बघितलं. मग म्हणाली, "आबा, तुमी मले बोलून राह्यले का?"

"नाई," मी म्हटलं. "घागरीले."